गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी असून तिचा गिअर स्टिअरिंगवर आहे. गेल्या दिवाळीपासून उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना कर्रर्र असा आवाज येतो आणि अर्ध्या तासाने इंजिन तापले की त्रास वाढतो. चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतानाही कधीकधी घासते. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून आतले गिअर बदलावे लागतील असे सांगितले आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गिअरबॉक्स इतक्यात उतरवू देऊ नका. आपल्या वर्णनावरून दोष गिअरबॉक्सपेक्षा क्लचमध्ये असण्याचा संभव अधिक वाटतो, आणि त्याची पहिली तपासणी आपल्या अंगणात, एकही नट न खोलता होते.

गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर एकेक करून टाकून पाहा. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा टाका, कारण दातासमोर दात आला की निर्दोष गिअरही पडत नाही. आता इंजिन सुरू करा, ते तापू द्या, क्लच तळापर्यंत दाबून मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बंद इंजिनावर सगळे गिअर अलगद पडत असतील आणि पाच अंक मोजूनही रिव्हर्स घासत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पुरते वेगळे होत नाही, असे समजावे. या गाडीत सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवून घेणारी रचना, फक्त दुसऱ्या, तिसऱ्या आणि टॉप गिअरला आहे. पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही, म्हणून क्लचची तक्रार आधी त्या दोघांत ऐकू येते. (गाडी पुरती थांबण्याआधी पहिला टाकल्यास होणारा आवाज मात्र दोष नव्हे.)

क्लच न सुटण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे पेडलची मोकळी चाल (क्लचवर जोर येण्याआधी पेडल नुसतेच दबते ते अंतर) वाढलेली असणे. ती नेमून बसवणे हे थोड्या वेळाचे काम आहे. त्याने फरक पडला नाही तर वाकलेली क्लच प्लेट किंवा इंजिनाच्या क्रँकच्या टोकाशी बसून गिअरबॉक्सच्या दांड्याला आधार देणारा, पण सुकून त्याला धरू लागलेला पायलट बुश यांचा विचार करावा. तापल्यावर वाढणारा त्रास पाहता मला या दोहोंची शंका अधिक येते. हे पाहण्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो हे खरे, परंतु तो खाली घेणे वेगळे आणि फोडणे वेगळे, हे कारागिराला आधीच स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या गिअरची परीक्षा निराळी आहे. तिसऱ्यावरून न्यूट्रलवर येऊन क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला हलका स्पर्श द्या आणि पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. क्लच दुरुस्त झाल्यानंतरही एरवी घासणारा गिअर अशा रीतीने गुपचूप पडत असेल, तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली आहे. पण तेवढ्यासाठी सगळे गिअर बदलण्याचे कारण नाही.

बंद इंजिनावरही गिअर अडत असतील, तर गिअरबॉक्सकडे वळण्याआधी स्टिअरिंग कॉलमपासून खाली जाणारे रॉड पाहावेत. माझ्याही पद्मिनीचा दुसरा गिअर मधेच हरवत असे आणि गिअरबॉक्स गेला असेच मला सांगण्यात आले होते. बॉनेट उघडून मी एका सहकाऱ्याला लिव्हर हलवायला सांगितले, तेव्हा वरची दांडी बोटभर हलूनही खालची जागची ढळत नव्हती. सांध्यातला बुश काढला तर त्याचे भोक लंबगोल झाले होते आणि कडा हातात चुऱ्यासारख्या सुटल्या. नवा बुश घातला आणि काम झाले.

शेवटी, गिअर ऑइल गरम असताना एका पांढऱ्या थाळीत काढून उन्हात पाहा. पितळी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगची झीज; लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर नाही. नवे ऑइल भरताना डब्यावर जीएल-४ हा गिअर ऑइलचा प्रकार लिहिला आहे याची खात्री करा, कारण जीएल-५ प्रकारातली काही द्रव्ये पितळी रिंगांना मानवत नाहीत.