एमुलेटर वापरणं बेकायदेशीर आहे का? नसेल, तर कंपन्या ते बंद कसे पाडतात?

एमुलेटर म्हणजे एका मशीनचे गेम दुसऱ्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर. ते लिहिणं किंवा वापरणं हा मुळात गुन्हा नाही. फुकट उतरवलेले गेम आणि बायॉसच्या (कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) फायली हा मात्र कॉपीराइटचा भंग. दुसऱ्या प्रश्नासाठी जरा मागे जावं लागेल, प्लेस्टेशनच्या काळात.

जानेवारी 1999 मध्ये मॅकवर्ल्ड या मॅक संगणकांच्या मेळाव्यात स्टेजवर अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जने कनेक्टिक्स कंपनीचं 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' दाखवलं. 49 डॉलरचं सॉफ्टवेअर, मॅकमध्ये प्लेस्टेशनची डिस्क घाला आणि खेळत बसा. सोनीने त्याच महिन्यात दावा ठोकला. कनेक्टिक्सच्या इंजिनीअरांनी सोनीचा बायॉस कॉपी करून त्याची चिरफाड केली, असा आरोप होता. आरोप खराच होता. पण बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सोनीचा कोड नव्हता, तो यांनी स्वतः लिहिला होता. खालच्या कोर्टाने विक्री थांबवली, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये अपील कोर्टाने ती मनाई उठवली. मशीन कसं चालतं यावर कॉपीराइट नसतो, आणि ते समजून घ्यायला दुसरी वाट नसेल तर अभ्यासापुरती कॉपी चालते, असं कोर्टाचं म्हणणं. आजचे एमुलेटर कायद्याच्या ज्या पायावर उभे आहेत, त्यातला मोठा दगड हा.

मग झालं काय? 2001 मध्ये सोनीने ते सॉफ्टवेअरच विकत घेतलं आणि बंद करून टाकलं. हरलेल्याने जिंकलेल्याचा माल घेऊन गोडाऊनला कुलूप लावलं म्हणा ना.

ब्लीमची गत याहून वाईट. विंडोजवर चालणारा हा एमुलेटर म्हणजे डेव्हिड हर्पोल्सहायमर आणि रँडी लिंडेन या दोघांचा उद्योग. ब्लीममध्ये सोनीचा बायॉसही लागत नसे. सोनीने त्यांना जाहिरातीतल्या गेमच्या स्क्रीनशॉटवरूनही कोर्टात खेचलं. तिथेही 2000 मध्ये अपील कोर्टाने ब्लीमच्या बाजूने कौल दिला. पण वकिलांची बिलं कौल बघून येत नाहीत. 2001 च्या अखेरीस कंपनी बंद पडली, आणि वेबसाइटवर उरलं फक्त एक चित्र: ब्लीमच्या थडग्याशी फूल घेऊन उभा असलेला सॉनिक, सेगाच्या गेममधला निळा साळू. (आमच्या ओळखीत ब्लीम होता तोही कॉपी केलेल्या सीडीवरचा. त्या दोघांना आमच्याकडून एक पैसा मिळाला नाही, हेही सांगायला हवं.)

म्हणून 'केस जिंकता येते ना' या बोलण्याला मी फार किंमत देत नाही. खटला चालवायचा खर्च हीच शिक्षा असते, आणि मोठ्या कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं.

निन्टेंडोच्या स्विच कन्सोलचा एमुलेटर युझू, त्याचं प्रकरण मात्र वेगळं, लोक उगाच दोन्ही एकाच मापाने मोजतात. स्विचचे गेम एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे डिजिटल कुलूप लावलेले असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये निन्टेंडोने दावा केला तो कोड चोरल्याचा नव्हता, कुलूप तोडायला मदत केल्याचा होता. अमेरिकेत 1998 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. आठवडाभरात तडजोड झाली, 24 लाख डॉलर देऊन युझू बंद, सोबत निन्टेंडोच्याच थ्रीडीएस कन्सोलचा एमुलेटर सिट्राही गेला. कोर्टाने दोन्ही बाजू ऐकून निकाल दिलाच नाही, त्यामुळे 'एमुलेटर बेकायदेशीर ठरले' ही बातमी चूक.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये कायदेशीर प्रत असणाऱ्याला प्रोग्रॅमचा बॅकअप घेण्याची सूट आहे. पण 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'हेतूने' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे.

तुमच्याकडे पीएस1 ची मूळ डिस्क असेल तर बिनधास्त खेळा. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळलेल्यांची अडचण निराळी. एक रुपयाच्या नाण्यावर ज्याला आपण सगळे 'मुस्तफा' म्हणायचो, तो कॅपकॉमचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' त्या काळी घरच्या कन्सोलवर आलाच नाही. विकत घ्यायला डिस्कच नव्हती. तो आपल्या पीसीवर टिकला तो मेम (MAME) या आर्केड गेमच्या एमुलेटरमुळे, आणि त्याची रॉम, म्हणजे गेमची फाइल, कायदेशीर कुठून आणायची याचं उत्तर निदान आर्केडचा मूळ बोर्ड ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी तरी माझ्याकडे नाही.