आधी ती कडी काढ

ताई,
मी भांडुपला राहते. चार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. मुलांसाठी नोकरी सोडली. नवऱ्याची विमानतळावर रात्रपाळी असते, सकाळी येतो आणि झोपतो. सासूबाई नगरला असतात, फोनवरून सांगतात की पोरांना धाक हवा. मी लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढले, रविवारच्या शाळेत शिकवते, पण घरी दिवसभर नुसती ओरडत असते. परवा मोठीच्या पाठीत धपाटा घातला आणि बाथरूममध्ये जाऊन देवाची माफी मागत रडले. पाणी पाचला येतं, ते भरून झालं की रोज सहनशीलतेसाठी प्रार्थना करते. कडी लावून बसते तरी लक्ष लागत नाही, दोघं उठून दार वाजवतात, मोठी तर फटीतून बोटं घालते. माझा विश्वासच कमी पडतोय का? चर्चच्या पाळकांना विचारून चाळीस दिवसांचा उपास धरू का?
– एक थकलेली आई

बाई गं,

तुझं पत्र लांबलचक होतं, वर थोडक्यात दिलंय. नवऱ्याची पाळी, सासूबाईंचा धाक, सोडलेली नोकरी यावर तू पानंच्या पानं लिहिली आहेस आणि त्यावर मी आज बोलणार नाही. नवरा रात्रभर राबून येतो, झोपू दे. सासूबाई फोनवर आहेत, फोन ठेवता येतो. मी अडले ते तुझ्या अर्ध्या वाक्यापाशी. ‘कडी लावून बसते.’

पहाटेचे साडेपाच. घरात मोठं माणूस एकच, आणि ते कडीच्या आत. बाहेर दोन वर्षांचा आणि चार वर्षांची. मुंबईचं बरंचसं पाणी तुमच्या भांडुपात शुद्ध होऊन शहरभर जातं आणि तुझ्या नळाला मात्र पहाटेच येतं, म्हणजे त्या वेळी बादल्या, टब, पिंप सगळं काठोकाठ भरलेलं असणार. दोन वर्षांचं मूल बादलीत डोकावलं आणि तोल गेला, तर त्याला स्वतःहून बाहेर निघता येत नाही. चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. तुला घाबरवायला हे लिहितेय. घाबर.

आता तू बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय काढशील. आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर, असं प्रभूनंच सांगितलंय ना? सांगितलंय. पण त्याच्या वरची ओळ वाच. सभास्थानांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लोकांना दिसावं म्हणून उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी ते बोलणं चाललंय. ते दार प्रेक्षकांसाठी लावायचं आहे. तुझी पोरं काही तुझ्या भक्तीची वाहवा करायला दारात आलेली नाहीत. एकाला शू झालीय आणि दुसरीला आई हवीय.

बंद दाराची आणखी एक गोष्ट लूकच्या अकराव्या अध्यायात आहे. मध्यरात्री मित्र भाकरी मागायला येतो आणि आतला माणूस म्हणतो, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत, आता उठवत नाही. मागत राहा, ठोठावत राहा, हे आपण त्यातून शिकवतो. पोरं कुठं आहेत ते बघ की जरा. दाराच्या आत, बापाला चिकटून! तुझ्या घरी ठोठावणारीच पोरं आहेत. ठोका म्हणजे उघडेल, हे रविवारी तू दुसऱ्यांच्या मुलांकडून घोकून घेतेस आणि सोमवारी तुझी स्वतःची ठोकतात, तर त्यांनी तुझी प्रार्थना मोडली म्हणून तुला राग येतो.

लेकरांना आशीर्वादासाठी आणलं तेव्हा शिष्यांनी आणणाऱ्यांना दटावलं, तो प्रसंग तू फळ्यावर चित्रं काढून शिकवला असशील. शिष्य काही दुष्ट नव्हते. प्रभूचं एवढं मोठं काम चाललंय, मध्ये पोरांची कटकट कशाला, इतकंच त्यांना वाटलं. हा प्रसंग मत्तय आणि लूकही सांगतात, पण येशूला शिष्यांचा राग आला हे एकटा मार्कच लिहितो, आणि त्यानं लेकरांना कवेत घेतलं हेही तोच. तू आजवर स्वतःला लेकरं घेऊन आलेल्यांमध्ये धरत आलीस. कडी लावलीस की तू शिष्यांच्या बाजूला जाऊन उभी राहतेस.

एकांत नकोच, असं मी म्हणत नाही. प्रभूलाही हवा होता. मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो पहाटे अंधारात उठून रानात जातो, तर त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुम्हाला शोधताहेत. झाली प्रार्थना! तो उठला आणि कामाला लागला. सहाव्या अध्यायात दमलेल्या शिष्यांना विसावा मिळावा म्हणून होडीतून निर्जन जागी निघाला, तर लोक पायी धावत त्याच्या आधी पोचलेले. त्यांना बघून त्याला कळवळा आला. आपण बहुधा कपाळाला हात लावला असता.

सहनशीलता म्हणजे दुधाची पिशवी नव्हे, पहाटे कोणीतरी दाराला अडकवून जावी आणि तू रात्रीपर्यंत पुरवून वापरावी. बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात ती आत्म्याचं फळ म्हणून आली आहे, आणि ममता तिच्या शेजारीच. तुझ्या दिवसातली सहनशीलतेची पहिली वेळ येते ती धाकटा दार वाजवतो तेव्हा, आणि नेमकी तीच तू कडी लावून चुकवतेस. मग साडेसहाला बाहेर येतेस ती लक्ष न लागल्यामुळे आधीच तापलेली, आणि पोरं रडून रडून किरकिरी झालेली. दोन वर्षांच्या मुलाला अर्धा तास म्हणजे काय ते कळत नाही. दाराआड गेलेली आई परत येणारच, याची त्याला अजून पुरती खात्री नसते. म्हणून तो नंतर दिवसभर पायाला लोंबकळतो आणि तू त्याला हट्टी म्हणतेस.

तेव्हा एकच कर. नवरा उठला की त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दे आणि ती कडी काढायला लाव. उद्यापासून पाणी भर, बादल्यांवर झाकणं ठेव आणि बायबल घेऊन बाहेरच्या खोलीत चटईवर बस. पोरं उठली तर मांडीवर घे आणि स्तोत्र 131 मोठ्यानं वाच. तीनच वचनं आहेत. दूध तुटलेलं लेकरू आईजवळ असावं तसा माझा जीव शांत आहे, असं त्यात म्हटलंय. खरंखुरं तसलं लेकरू मांडीवर घेऊन ते वाचायची सोय पाळकांनासुद्धा नसते.

सुरुवातीला प्रार्थनेचा नुसता गोंधळ होईल. धाकटा पान फाडेल, मोठी मध्येच विचारेल की देव चहा पितो का. पानाला सेलोटेप लाव, प्रश्नाला उत्तर दे, आणि पुढचं वचन वाच.

चाळीस दिवसांचा उपास मुळीच धरायचा नाही. पोटात काही नसताना तुझं ओरडणं वाढेल, कमी होणार नाही. पाळकांना विचारायचंच असेल तर असं विचार, की मंडळीतल्या कुणी आजी आठवड्यातून एकदा दोन तास तुझ्या घरी येऊन बसतील का. तुझा एकांत तेव्हा घे, पोरांजवळ मोठं माणूस असताना. विश्वास कमी पडतोय का, हा प्रश्न मी घेतच नाही. पहाटे पाचला उठणाऱ्या आईला कमी पडते ती झोप.

राहता राहिला तो धपाटा. देवाची माफी मागितलीस, बरं केलंस. मोठीची मागितलीस का? पत्रात तरी दिसत नाही. आज रात्री ती झोपायच्या आधी तिच्याजवळ बस आणि ‘चुकलं माझं’ म्हण. कारणं सांगू नकोस, रात्रपाळीचं तर अजिबात नको.