मफलरच्या कडा वळतात

प्रश्न : बाबांसाठी दोन सुयांवर मफलर विणते आहे. एक ओळ सुलट, एक उलट. फूटभर झालाय, पण कडा आत वळून नळीच होते. इस्त्री करू का?

उत्तर : इस्त्री नको. लोकर ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्रीने ती कायमची लुळी पडते. दोष तुमच्या हाताचा नाही, विणीचा आहे. सगळे सुलट टाके एकाच बाजूला आले की दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही आणि कडा उलट बाजूकडे वळतात. दोन-चार टाक्यांची किनार लावूनही हे पुरतं थांबत नाही. फूटभरच झालाय, उसवा.

मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या सुया (४ मिमी), ५४ टाके. पहिली ओळ २ सुलट, २ उलट अशी, शेवटी २ सुलट. दुसरी २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. याच दोन ओळी विणत राहा. सुलटवरून उलटवर जाताना लोकर सुयांमधून पुढे घ्या. विसरलात तर सुईवर टाका वाढतो. मफलर दोन्हीकडून सारखा दिसतो, आणि गळ्याभोवती तेच हवं.

लोकर २०० ग्रॅम एकदमच घ्या, नंतर छटा जुळेलच असं नाही. टाके बंद करताना ७ नंबरची, म्हणजे एक नंबर जाड सुई वापरा (इथे नंबर कमी तशी सुई जाड), नाहीतर टोक आवळतं.