दहात सात वेळा आउट होणारा हीरो

प्रश्न: ताई, मी इंदूरला बी.कॉम. करतेय. घरात सगळे क्रिकेटवाले, आजोबा तर अजून होळकर टीमच्या रणजीच्या गोष्टी सांगतात, आणि मला मात्र बेसबॉलचं वेड लागलंय. खोलीत जपानी बेसबॉलपटू ओहतानीचं पोस्टर आहे. काका रोज चिडवतात की दहात सात वेळा आउट होणाऱ्याला हे लोक हीरो म्हणतात, आणि जो तुला ओळखत पण नाही त्याच्यासाठी तू पहाटे उठतेस? मला धड उत्तर देता येत नाही. आणि इथे खेळायचं असेल तर सुरुवात कशी करू?

उत्तर: अगं, काकांचा हिशोब बरोबरच आहे की! दहात तीन हिट मारणारा (म्हणजे बॉल मारून आउट न होता बेसवर, पळण्याच्या टप्प्यावर, पोचणारा) तिथे उत्तम बॅटर, आणि टेड विल्यम्सने १९४१ला दहात चारच्या जरा वर मारले तर त्याचं नाव अजून घेतात. पण का ते काकांना सांग. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, साडेसाठ फुटांवर, बॉल ताशी ९५ मैलांनी आला तर बॅटरकडे साधारण ०.४ सेकंद, बॅट गोल, बॉल गोल, आणि शिवाय मारायचं फक्त समोरच्या पट्ट्यात. मुश्ताक अली आपल्या इंदूरचेच ना, त्यांनी तिथे लेट कट मारला असता तर सरळ फाउल, म्हणजे पट्ट्याबाहेर!

खरा फरक मात्र वेगळाच आहे. १९४६-४७च्या रणजी फायनलला बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ची पार्टनरशिप केली, समोर आपलीच होळकर टीम होती (आजोबा ही गोष्ट बहुतेक सांगत नसतील 😄). क्रिकेटमध्ये सेट झालेला माणूस असा दिवसदिवस खेळत राहतो. बेसबॉलमध्ये ते शक्यच नाही, कितीही जबरदस्त हिट मारलास तरी बॅट टाकून पळायचं आणि मग बाकीचे आठ जण खेळेपर्यंत थांबायचं, मॅचमध्ये चार-पाच वेळाच पाळी येणार, त्यातल्या तीनदा हात हलवत परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण सीझन १६२ मॅचेसचा असतो आणि सुट्टीचे दिवस बोटावर मोजण्याइतके. म्हणून तिथे नुसतं रोज हजर राहण्याचंही कौतुक होतं. लू गेरिगने सलग २१३० मॅचेस खेळल्या, तो रेकॉर्ड कॅल रिपकनने १९९५ला मोडला आणि पुढे २६३२पर्यंत नेला. मला स्वतःला होमरनवाल्यांपेक्षा (होमरन म्हणजे आपल्या सिक्सरसारखा, थेट कुंपणापलीकडे) ही मंडळी जास्त आवडतात, पण ते माझं झालं.

तुझ्या ओहतानीचं म्हणशील तर २०२४ला एकाच सीझनमध्ये ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले (म्हणजे बॉल मारलेला नसताना पळून पुढचा बेस गाठला), पन्नास-पन्नास करणारा पहिलाच, आणि तो पिचरही आहे, पण हे सगळं कोपराच्या ऑपरेशनमुळे पिचिंग बंद असलेल्या वर्षी. मग २०२५च्या प्लेऑफमध्ये मिलवॉकीविरुद्ध एकाच मॅचमध्ये सहा इनिंग पिचिंग करून एकही रन दिला नाही, दहा जणांना स्ट्राइक आउट केलं (तीन स्ट्राइकमध्ये घरी पाठवलं) आणि वर स्वतः तीन होमरन मारले. आपल्याकडे तेव्हा धनत्रयोदशीची सकाळ होती. त्या दिवशी पहाटे उठलेल्यांना कुणी नावं ठेवू नयेत, काकांनी तर नाहीच, नाइट वॉचमनची बॅटिंग बघायला ते स्वतः अलार्म लावत असतील!

आता ओळखत नसलेल्या माणसाचं. मला वाटतं त्याच्या खेळावर खुशाल प्रेम कर, माणूस कसा आहे याची गॅरंटी मात्र आकड्यांतून मिळत नाही. बॅरी बाँड्सचे ७६२ होमरन, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये एवढे कुणाचेच नाहीत, पण स्टेरॉइड्सच्या आरोपांमुळे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, त्याला अजून जागा नाही. उलट रोबेर्तो क्लेमेंते, बरोब्बर ३००० हिट्स, आणि १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान कोसळून त्यात गेला. मला विचारशील तर मी भिंतीवर त्याचा फोटो लावेन. तुझं पोस्टर राहू दे, अजून तरी काढायचं कारण नाही.

खेळायचं म्हणशील तर सॉफ्टबॉलपासून सुरुवात कर, शाळा-कॉलेजच्या स्पर्धांमध्ये तो असतोच, बॉल मोठा, पिचिंग अंडरआर्म आणि बेस ६० फुटांवर, बेसबॉलसारखे ९० नाहीत. आधी तुझ्या कॉलेजच्या स्पोर्ट्स टीचरला विचार, टीम नसेल तर मैत्रिणींची नावं लिहून घेऊनच जा, एकटी गेलीस तर बॅडमिंटनला पाठवतील. ग्लोव्ह घेताना एक बघ, तू उजव्या हाताने फेकत असशील तर ग्लोव्ह डाव्या हाताचा लागतो, क्रिकेटवाले हमखास उलटा मागतात. नवा ग्लोव्ह कडक असतो, काकांनाच बॉल फेकायला बसव, महिनाभर रोज कॅच घेतलेस की मऊ होईल.