पावती देणगीची, व्यवहार ठेवीचा

प्रश्न : माझे वडील एसटीचे निवृत्त वाहक, वय 69. निवृत्तीच्या पैशांतले 11 लाख त्यांनी डिसेंबर 2023 मध्ये एका महाराजांच्या मठात 'सेवानिधी' म्हणून दिले. दरमहा तीन टक्के 'प्रसाद' आणि दोन वर्षांनी मुद्दल परत, असे ठरले होते. सत्संगात महाराजांनी कापडाखालची नोटांची गड्डी दुप्पट करून दाखवली, म्हणून विश्वास बसला. वर्षभर खात्यात 33 हजार येत होते, मग बंद झाले. पावतीवर मात्र 'देणगी' लिहिले आहे. शिवाय वडिलांनी 20 गुंठे शेतजमीन महाराजांच्या नावे बक्षीसपत्राने दिली. तक्रार म्हणजे गुरुद्रोह, असे म्हणून ते गप्प आहेत. मी मुलगी काही करू शकते का? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : करू शकता. मात्र महाराज खरे की भोंदू, हा वाद आधी बाजूला ठेवा. घरात तो काढलात तर वडील आणखी हट्टाला पेटतील, आणि व्हॉट्सअॅपवर काढलात तर अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल. तुमची केस पासबुकात आहे. देणगीवर कोणी दरमहा तीन टक्के देत नाही. त्या बारा नोंदी पावतीवरचा 'देणगी' हा शब्द खोडून काढायला पुरेशा आहेत. बँकेकडून शिक्क्यानिशी खातेउतारा आजच घ्या.

परत देण्याच्या बोलीवर घेतलेली रक्कम ही 'ठेव', मग तिला सेवानिधी म्हणा नाहीतर गुरुदक्षिणा. 1999 चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे आपण ज्याला एमपीआयडी म्हणतो तो, इथे लागू होऊ शकतो. हेतुपुरस्सर ठेव बुडवल्यास सहा वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरकार मालमत्ता जप्त करून त्यातून ठेवीदारांना पैसे देऊ शकते. फसवणुकीचे कलमही लागेल. पैसे 1 जुलै 2024 च्या आधी दिलेले असल्याने ते भारतीय दंड संहितेचे 420. त्या तारखेपासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे 318(4) नव्हे. ठाण्यात यावरून घोळ होतो, म्हणून अर्जात रक्कम दिल्याची तारीख ठळक लिहा.

नोटा दुप्पट करण्याच्या प्रकारामुळे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कीर्तन, प्रवचन, वारी यांना हा कायदा हात लावत नाही; मठाचा वकील नेमका तोच आडोसा घेईल. म्हणून अर्जात सत्संगाविषयी एक शब्द नको, गड्डीविषयी सगळे लिहा: तारीख, जागा, कोण कोण हजर होते.

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकते, तुम्हीही. पण वडिलांच्या जबाबाशिवाय केस लंगडी राहील. त्यांना कोर्टाची भाषा ऐकवू नका. मठात पैसे अडकलेले आणखी दोन-तीन जण शोधा आणि त्यांच्याशी वडिलांची गाठ घालून द्या. सहकारी भेटला की गुरुद्रोहाची भीती निम्मी होते, हा माझा अनुभव. सगळ्यांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्यावा. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार, तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

जमिनीची बाजू मला पैशांपेक्षा भक्कम वाटते. महाराज शेतकरी नसतील आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतलेली नसेल, तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमिनीचे बक्षीसपत्रच टिकत नाही. त्यांच्या नावाचा दुसरा सातबारा आहे का, ते पाहा. दुसरा मुद्दा गैरवाजवी प्रभावाचा. गुरू आणि शिष्य यांच्यातला व्यवहार उघड अन्याय्य दिसत असेल, तर प्रभाव टाकला नव्हता हे गुरूने सिद्ध करायचे असते. परलोकी आत्म्याचे भले व्हावे म्हणून एका वृद्धाने आपली मालमत्ता गुरूला लिहून दिली होती. ते बक्षीसपत्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1890 मध्येच रद्द ठरवले.

बक्षीसपत्र रद्द करण्याचा दावा वडिलांनी लावायचा, फसवणूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुम्ही स्वतः सहहिस्सेदार आहात आणि आपल्या नावाने दावा करू शकता. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, अजून मंजूर झाला नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत घ्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. झाला असेल तरी घाबरू नका, फेरफाराने मालकी मिळत नाही. दाव्यासोबत जमीन पुढे विकण्यास मनाईचा अर्ज मात्र हवाच.

मठ नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबाच्या चौकशीचा अर्ज करता येईल. पैसे त्याने परत येत नाहीत, पण हिशेबपत्रकात तुमचे 11 लाख कोणत्या नावाने दाखवले आहेत ते कळते.

सगळे 11 लाख परत येतील, असे मी सांगणार नाही. जप्तीतून येते ते सर्व ठेवीदारांत वाटले जाते आणि त्याला वर्षे लागतात.

अर्जाची कुणकुण लागली की मठातून कोणीतरी पन्नास हजार घेऊन येईल आणि 'आमची काही तक्रार नाही' या कागदावर वडिलांची सही मागेल. पैसे फक्त खात्यावर घ्या, सही देऊ नका. चेक दिला तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा आणि न वटता परत आला तर 30 दिवसांत वकिलामार्फत नोटीस पाठवा.