उथळ पाण्यातल्या धक्क्याला कोणती बोट लिफ्ट घ्यावी?

तुम्ही विचारलंय, 'धक्क्यापाशी साडेतीन फूट पाणी आहे, १६ फुटी बोट आहे, हायड्रॉलिक घेऊ की वायर रोपची?' (बोट लिफ्ट म्हणजे बोट पाळण्यात घेऊन पाण्याबाहेर उचलणारं यंत्र; हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर उचलतं, वायर रोपचं तारेच्या दोरावर.) अहो, हे साडेतीन फूट कोणत्या महिन्यातलं? तेच लिहिलं नाहीत.

मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आमचे भावजी कलाभवनचे, म्हणजे बडोद्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे, मेकॅनिकल इंजिनियर, मी आयटीआयचा फिटर. त्यांच्या मित्राच्या फार्महाउसला, धरणाच्या पाण्यात, चार पायांची वायर रोपची लिफ्ट बसवायची होती. भावजींनी गणपतीत माप घेतलं. साडेतीन फूटच! मी म्हटलं, भावजी, मे महिन्यात एकदा बघू या. तर म्हणाले, "कागदावर सगळं बसतंय." खुणा केलेला बांबू टेकवून दाखवला, तो गाळात हातभर आत गेला. त्यावर नुसते हसले.

मे महिन्यात पाणी उरलं १८ इंच. इंजिन वर उचलूनसुद्धा बोट १० इंच बुडते, ती टेकते त्या पाळण्याच्या लाकडी पट्ट्या ४, त्यांच्या खालचा लोखंडी चॅनेल ६, बोट सुटायला वर ३. झाले २३. पांढऱ्या इस्त्रीच्या पँटमध्ये भावजी रिमोट दाबून उभे, "आता तरंगेल, आता तरंगेल". पाळणा कधीच गाळावर टेकला होता आणि बोट पट्ट्यांवर ढिम्म. बटण काही सोडलं नाही, रोप सैल होऊन ड्रमवरून उतरला. त्यात एक पाय चार इंच खचला. सगळं वाकडं.

मी पायांना दोन फुटी चौकोनी प्लेटा जोडल्या, पट्ट्या एकमेकींपासून लांब सरकवल्या, म्हणजे बोटीचं पोट मध्ये उतरतं आणि दोन-तीन इंच वाचतात. तरी पुरेना. शेवटी पोकळ प्लॅस्टिक ठोकळ्यांचा तरंगता धक्का घेतला, बोट सरळ त्यावर चढवायची. तुम्हीही तोच घ्या. फक्त हवेच्या टाक्यांची तरंगती लिफ्ट घेऊ नका, त्या टाक्या बोटीखाली बुडाव्या लागतात, म्हणजे पाणी उलट जास्तच हवं.

हायड्रॉलिकला रोप सैल पडायची भानगड नाही, पण खोलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तुमचं पाणी बारमाही एकाच पातळीला राहत असेल तर कॅन्टिलिव्हर (झुलत्या दांड्यांवर पाळणा वर घेणारी लिफ्ट) चालेल, तिची उचल मात्र कमी असते. वजन धरताना इंजिन, बॅटरी, भरलेली टाकी (पेट्रोल लिटरला पाऊण किलो) सगळं धरा. आणि हो, हे सगळं गोड्या पाण्याचं, खाऱ्यात मी काम केलेलं नाही.

परवा दांडिया बाजारात एका मुंजीला भावजी चार माणसांत सांगत होते, "रोपच हलका होता." रोप मी आणला होता. तोच आता माझ्या वर्कशॉपातल्या होइस्टला आहे, रोज अर्धा टन उचलतो.