नव्याचे नऊ दिवस आणि वीस वर्षांची दोन मिनिटं

ताई,

माझं वय 46. नोकरी करते. घरी आजारी आई आहे, तिचं औषधपाणी, उठवणं-बसवणं सगळं मीच बघते. अंथरुणाला पाठ टेकायला रात्रीचे बारा वाजतात, आणि त्यानंतरही हातात फोन असतोच. शरीर जड झालंय, चिडचिड वाढलीय, देवासमोर बसलं तरी मन तिथे नसतं. म्हणून ठरवलं की देवाला मध्यभागी ठेवून सगळं आयुष्यच नीट लावायचं. पहाटे साडेचारला उठणं, पाऊण तास ध्यान, मग जप, ग्रंथवाचन, अर्धा तास व्यायाम, डायरी, आठवड्यात दोन कडक उपवास. तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा आठ-नऊ दिवसांत मोडलं. आमच्या प्रार्थनेच्या गटातल्या एक जाणत्या बाई म्हणाल्या, श्रद्धा पक्की असेल तर गोळ्यांची गरज लागत नाही. म्हणून दोन आठवडे झाले, रक्तदाबाची गोळी बंद केलीय. आता वाटतं, देव माझ्यावर नाराज आहे. जे एवढंसंही पाळू शकत नाही ते माणूस काय कामाचं? सकाळी कामाला निघताना दोन मिनिटं हात जोडते तेवढंच काय ते टिकलंय, वीस वर्षं. पण ती काय साधना म्हणायची! मला एखादं पक्कं वेळापत्रक आखून द्या. आणि डायरी लिहायची की नाही, तेही सांगा.

कायम मागे पडणारी

*

प्रिय मैत्रिणी,

बाकी सगळं नंतर. हे वाचून झालं की आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की गोळी दोन आठवडे घेतलेली नाही, आता कशी सुरू करू? स्वतःच्या अंदाजाने दोन दिवसांची एकदम घेऊ नका. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे 'मला तर बरं वाटतंय' या वाटण्यावर विसंबता येत नाही. काही गोळ्या तर अशा असतात की अचानक थांबवल्या तर दाब उसळून वर जातो. त्या बाईंनी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं असेल, पण तो सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचा आहे. गोळी घेणाऱ्याची श्रद्धा कमी पडत नाही. ज्या देवाने तुम्हाला हात जोडायला शिकवलं, त्यानेच कुणाला तरी औषध शोधण्याची बुद्धी दिली, असं मी मानते.

उपवासही तूर्त बाजूला ठेवा. गोळ्या चालू असताना उपवास करायचा असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच.

आता तुमच्या वेळापत्रकाकडे येते. मी ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकच हिशोब डोळ्यांपुढे आला. बाराला झोपणार, साडेचारला उठणार. म्हणजे झोप साडेचार तास. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तुमचं वेळापत्रक श्रद्धेच्या कमतरतेने मोडलं नाही, ते झोपेच्या कमतरतेने मोडलं. नवव्या दिवशी तुमच्या शरीराने हात वर केले, आणि तुम्ही त्याचा अर्थ 'देव नाराज आहे' असा लावलात. या एका गैरसमजाने तुम्हाला सगळ्यात जास्त दमवलंय.

तुमचा धर्म कुठला, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला ते विचारायची गरजही वाटत नाही, कारण या बाबतीत निरनिराळ्या परंपरा एकच गोष्ट सांगतात. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात, 16व्या आणि 17व्या श्लोकांत श्रीकृष्ण सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं बेताचं, त्याचाच योग दुःख दूर करतो.

बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मला तुमचीच वाटते. तो इतका थकलेला असतो की रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे झालं देवा, माझा प्राण घे. आणि तिथेच झोपी जातो. देवदूत येतो, त्याला हलवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही, म्हणतो. खरडपट्टी नाही की 'तुझा विश्वास कुठे गेला' असा सवाल नाही. आधी झोप, अन्न, पाणी. देवाशी बोलणं त्यानंतर, पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. तुम्ही या क्षणी त्या झुडपाखाली आहात, मैत्रिणी. तुम्हाला हलवून 'ऊठ, खा' म्हणणारं कुणीतरी हवंय आणि तुम्ही मात्र स्वतःला पहाटे साडेचारला चाबूक मारून उठवताय.

मलाही हे कुणीतरी सांगावं लागलं होतं. घरातल्या माणसाच्या आजारपणात मी अकरा रात्री इस्पितळातल्या खुर्चीवर काढल्या. हातात जपमाळ, ओठांवर नाम, आणि मोजणी सारखी चुकायची. चुकली की पहिल्यापासून सुरू. एका रात्री तीनच्या सुमाराला परिचारिका आली, माझ्या बोटांमधून माळ अलगद सोडवून घेतली, उशाशी ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही दोन तास पडा. तोवर मी आहे ना." मी झोपले. प्रार्थनेचं उत्तर अशा साध्या वाक्यातूनही येतं, हे मला त्या रात्री कळलं.

तुम्ही एक ना धड भाराभर चिंध्या करून बसलात, पण तुमच्याकडे एक धड वस्त्र आहे, आणि ते तुम्ही पत्राच्या शेवटी लाजत लाजत दाखवलंत. कामाला निघताना हात जोडण्याची ती दोन मिनिटं. वीस वर्षं! तापात, घाईत, भांडणानंतर, आईच्या आजारपणात. पहाटेचं ध्यान नऊ दिवस टिकलं, आणि हे वीस वर्षं टिकलं, तर तुमची खरी साधना कोणती? मला तर उत्तर उघड दिसतं. ही भिंतीत पक्की ठोकलेली खुंटी आहे. नवी भिंत उभारत बसण्यापेक्षा हिलाच एकेक गोष्ट अडकवत जाऊ.

पहिली अडकवायची ती गोळी. सकाळची म्हणून सांगितली असेल तर गोळ्यांची डबी आणि पेलाभर पाणी जिथे हात जोडता तिथेच ठेवा. हात जोडायचे, गोळी घ्यायची, निघायचं. वेळ दुसरी सांगितली असेल तर त्या वेळी तिथे क्षणभर थांबा. पहिले पंधरा दिवस एवढंच. खरंच एवढंच. तुम्हाला हे फार थोडं वाटेल, आणि आणखी काहीतरी जोडायची तुमची इच्छा होईल. ती आवरा.

मग रात्र. तुम्ही दिवस पहाटेपासून सुधारायला गेलात. माझ्या मते दिवसाची सुरुवात आदल्या रात्री होते. रात्रीची एक छोटी प्रार्थना ठरवा आणि तिच्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आईसाठी कुणाचा फोन येण्याची शक्यता असेल तर आवाज चालू ठेवा, पण तो हाताला लागणार नाही इतका लांब. मग अंथरुणावर बसून तीन गोष्टी मनाशी बोला: आज काय मिळालं, आज कुणाला दुखावलं, आणि उद्यावर काय सोपवते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 'आईचा तपासणीचा कागद उद्या बघेन, आज रात्री तो तुझ्याकडे' असं अगदी नाव घेऊन सोपवायचं. झोपायची वेळ आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी मागे आणा. अकराच्या आत आलात की पहाटेचा विचार करू, त्याआधी नाही. आईला रात्री उठवावं लागत असेल तर दिवसा मिळालेल्या अर्ध्या तासाच्या झोपेला आळस म्हणू नका.

व्यायामासाठी वेगळा अर्धा तास काढणं तुम्हाला जमणार नाही, हे पत्रावरूनच दिसतं. पण जप तुम्हाला हवाय, आणि चालणं शरीराला हवंय. दोन्ही एकत्र करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, म्हणजे रोजची साधारण बावीस मिनिटं. सकाळी दहा, संध्याकाळी बारा अशी तोडली तरी चालतात. नाम घेत चाला. भरभर चाला, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. वेग वाढवण्याआधी मात्र डॉक्टरांकडून दाब तपासून घ्या.

आणि एखाद्या दिवशी बाहेर पडणं जमलंच नाही तर आईच्या खाटेजवळ बसून सावकाश जप करा. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला सांगितला, तेव्हा दोन्ही वेळा त्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आतली यंत्रणा अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागली. एरवी शांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. शब्द वेगळे, परंपरा वेगळ्या, श्वासाची लय मात्र एक. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. पण म्हणून जप गोळीची जागा घेतो असं नाही. दोन्ही चालू ठेवायचं.

एक गोष्ट तुमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती: दुसरं माणूस. ध्यान एकटीने, व्यायाम एकटीने, आई एकटीनेच. जागतिक आरोग्य संघटनेने 1948 सालीच आरोग्याच्या व्याख्येत शरीर आणि मनाच्या जोडीला सामाजिक स्वास्थ्य घातलं होतं. तुमच्या त्या प्रार्थनेच्या गटाकडून सल्ले पुष्कळ आले, मदत आली का? मागितलीत का? 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना नेमकं काम सांगावं लागतं. पुढच्या वेळी त्यांच्यातल्या एकीला विचारा, "शनिवारी दुपारी दोन तास आईजवळ बसाल का?" हे मागणं तुम्हाला जड जाईल हे मला ठाऊक आहे. जी माणसं सगळ्यांचं करतात, त्यांचीच जीभ स्वतःसाठी मागताना अडते. पण सेवा करण्याची संधी इतरांनाही मिळू द्या. ते दोन तास बाजारहाट किंवा कपाटं आवरण्यात घालवू नका. आठवड्यातून विश्रांतीचा दिवस पाळा, ही काही धर्मांत आज्ञा आहे. तुम्ही निदान दोन तास पाळा.

मोडलं तर? मोडेलच. आईला रात्री त्रास होईल, कामाच्या ठिकाणी धावपळ असेल, आणि दोन दिवस काहीच होणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. तुम्ही दर वेळी नवव्या दिवशी निकाल लावून मोकळ्या होत होतात. यापुढे चुकलं की पहिल्यापासून सुरू करू नका, भरपाई म्हणून दुप्पट करू नका. फक्त पुढच्या वेळी हात जोडा.

'देव माझ्यावर नाराज आहे' हे वाक्य मात्र मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं. केनेथ पार्गामेंट हे मानसशास्त्रज्ञ श्रद्धेवर अनेक वर्षं काम करत आले आहेत. त्यांच्या अभ्यासांत दिसतं की श्रद्धा आधार देते, पण 'देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलंय' असं ज्यांच्या मनाने घेतलं, त्यांना आजारपण आणि संकट अधिक जड जातं. म्हणून या वाक्याकडेही दुखण्यासारखंच लक्ष द्या. ते मनात आलं की विश्वासातल्या एखाद्या मायाळू, अनुभवी माणसाशी बोला. गोळ्या सोडायला सांगणाऱ्या बाईंशी नको. आणि दोन आठवडे झाले तरी बहुतेक दिवस मन उदास राहतंय, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय असं दिसलं, तर ते डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगा. 'काय कामाचं हे माणूस' या विचारातून जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मात्र थांबायचं नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पक्कं वेळापत्रक मी मुद्दामच आखून दिलेलं नाही. पंधरा दिवस हात जोडणं आणि गोळी. मग रात्रीची प्रार्थना आणि फोन लांब. ते बसलं की चालता चालता नाम. शनिवारचे दोन तास मात्र याच आठवड्यात मागा, त्यासाठी थांबू नका.

आणि डायरी तूर्त नको. फार लिहावंसं वाटलं तर रात्रीच्या त्या तीन गोष्टींमधली पहिली, आज काय मिळालं ती, एका ओळीत लिहा. पंधरा दिवसांनी मला त्या ओळींतली एखादी कळवा. लिहिल्या नसतील तरी पत्र पाठवाच, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यात सांगा.

तुमची,
ताई